उलट्या आट्यांचं कडं

नाम्या, काल तुझ्या सायकलवर मी हातोडा घातला.

हे आधीच सांगून टाकतो, तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. इंदूच्या अंगणात सायकल उलटी केली, मागचं चाक काढलं, दोन्ही गुडघ्यांत धरलं, चाकाच्या मधल्या हबवरच्या कड्याला छिन्नी लावली आणि घाव घातले. तू असतास तर माझी गचांडी धरली असतीस. मी तुला एक ठेवून दिली असती, तू मला दोन दिल्या असत्यास आणि इंदूने नेहमीप्रमाणे बादलीभर पाणी दोघांवर ओतून दार लावून घेतलं असतं. आपलं बोलणं असंच असायचं. लोक चहा पीत बोलतात, आपण एकमेकांची कॉलर धरून बोललो.

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. माझा राग गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. उघड्या छातीवर ट्यूबलाइट फोडून घेणारा तू, पोटावर दगडी पाटा ठेवून त्यावर घणाचे घाव झेलणारा तू, मेलास कशाने? काविळीने. हळदीसारखा पिवळा पडून खाटेवर लोळत राहिलास. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणे, "नाई बे सुदाम्या, तिथं सुई टोचते." अरे, पाठीत काचा घेऊन जेवायला बसणारा माणूस तू, आणि सुईला भ्यायलास! शेवटी मी तुला ओढत नेलं तेव्हा तुझ्यात मला ढकलायचं बळ उरलं नव्हतं. तेव्हाच मला कळलं होतं. तुला हात लावला आणि तू उलटून मारलं नाहीस, असं त्याआधी एकदाच झालं होतं.

ही सगळी आग लावली ती त्या परक्या मुलखातल्या सायकलवाल्याने. आठवतं? पुलगावच्या बाजाराच्या मैदानात आला होता. मधे बांबू, बांबूला भोंगा, आणि त्याच्याभोवती हा माणूस सात दिवस सायकलवर गोल फिरत राहिलेला. सायकलवरच अंघोळ, सायकलवरच दाढी, सायकलवरच भाकर. बाकीचं कसं करायचा ते तुझ्या खेळांमुळे मला पुढे कळलं, पण लिहीत नाही. नियम एकच, सात दिवस पाय जमिनीला टेकवायचा नाही. संध्याकाळी तो सायकल एका जागी उभी करायचा आणि मग मागे मागे चालवायचा. तू तोंड उघडं टाकून बघत होतास. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकावर मला गाठलंस.

"सुदाम्या, मले उलटी सायकल चालवाची हाये."

"आधी सुलटी त नीट चालव."

"मस्करी नाई करून राह्यलो. तू लेथवर काम करतं ना? मंग करून दे."

तुझ्या बापाची ती काळी विलायती सायकल. कुठल्याशा साहेबाने जाताना त्याला दिलेली, जड, म्हशीसारखी. मी तुला समजावलं की या सायकलीला फ्रीव्हील आहे. पायडल पुढे मारलं तर चाक फिरतं, मागे मारलं तर नुसतं कटकट करतं. उलटं जायचं तर फ्रीव्हील काढून साधी दातेरी चकती बसवावी लागते. मग पायडल आणि चाक यांचं लग्न लागतं. चाक फिरलं की पाय फिरलाच पाहिजे, पाय थांबला की चाक थांबलंच पाहिजे. तू म्हणालास, एवढंच ना? आण चकती.

एवढंच! त्या एवढ्याशासाठी आपण वर्धेची सायकलची दुकानं पालथी घातली. दुकानदार चकती आपल्या तोंडावर फेकायचे बाकी राहिले. इथल्या चकत्यांचे आटे वेगळे, तुझ्या विलायती हबचे वेगळे. बसवायला गेलो की अर्ध्या फेऱ्यात अडकायची. नागपूरच्या भंगार बाजारात आट्यांना जुळणारी एक सापडली, तर तिचे दात जाड आणि तुझी चेन बारीक. चेन जाड आणली तर ती पुढच्या चाकीवर चढेना. पुढची चाकी बदलली तर चेन तिरपी धावायला लागली आणि पहिल्याच वळणावर उतरली. त्यात तुझं बोट गेलं. फिरती चेन हाताने चढवायला कुणी सांगितलं होतं तुला? नखासकट पेर चिरडलं, रक्ताची धार लागली, आणि तू शिवी मला दिलीस. मी पाना फेकून मारला. तो तुझ्या कपाळाला लागला. तसेच दोघं रस्त्याच्या कडेला धुळीत लोळलो, आणि उठल्यावर तू रक्ताळलेल्या हातानेच चेन पुसलीस आणि म्हणालास, "आता सांग, चकती घासून एका सुतानं कमी केली त जमन का?"

जमलं. सगळं जमलं, एक सोडून. चकती बसली, चेन सरळ धावली, पण ती घट्ट धरणारं कडं बसेना. मी तुला बरणीचं झाकण दाखवलं. एकीकडे फिरवलं की आवळतं, दुसरीकडे फिरवलं की सुटतं. पायडल पुढे मारशील तेव्हा चकती आवळेल, पण मागे जोर देशील तेव्हा तीच चकती सुटून हातात येईल. म्हणून तिच्यावर उलट्या आट्यांचं एक कडं लागतं. चकती सुटायला लागली की कडं आवळतं, एकमेकांना धरून ठेवतात. त्यासाठी हबवर आट्यांची दुसरी पायरी असावी लागते. तुझ्या हबवर ती नव्हती. तसला हब सबंध तालुक्यात एकच होता, नाचणगावच्या मालगुजाराकडे. त्याच्या बापाची शर्यतीची सायकल गुरांच्या कोठ्यात टांगलेली, आणि दसऱ्याला नांगर-विळ्यांबरोबर तिचीही पूजा व्हायची. आपण मागायला गेलो तर म्हातारा म्हणाला, "पूजेतली वस्तू कोनी मोडते का बे? निंगा इथून."

मी म्हटलं थांब, दुसरा शोधू. तू थांबलास का? तू आणि थांबणार! ट्रकच्या बॉडी जोडणाऱ्या एका वेल्डरकडे गेलास आणि जुनं फ्रीव्हीलच आतून वेल्ड मारून जाम करून आणलंस. झाली फिक्स! माझ्यासमोर उलटी चालवून दाखवलीस, छाती पुढे काढून.

"पाह्य, सुटलं का?"

"नाम्या, वेल्ड फ्रीव्हीलच्या आत हाये. हबवर त ते नुसतं आट्यांवर बसलं हाये. ज्या दिवशी वजन घेऊन मागं दाबशीन, त्या दिवशी सुटन."

"वर्सानुवर्स आवळलेलं हाये. दहा जनं लावले तरी सुटत नाई."

त्या दिवशीही मारामारी झाली. त्या वादाचा निकाल लागेपर्यंत तू माझा मेहुणा होऊन बसला होतास. इंदू माझी धाकटी बहीण, आईची शेंडेफळ, आणि पसंत कुणाला केलं तर तुला. आईने मला बजावलं, आता त्याला नाम्या म्हणायचं नाही, भाऊजी म्हणायचं. मी मांडवात तुला "भाऊजी" म्हटलं आणि तू इतका हसलास की मुंडावळ्या गळून पडल्या. त्यानंतर मी तो शब्द कधी उच्चारला नाही.

तूही गावोगाव सात दिवसांचे खेळ लावायला लागलास, आणि इंदू त्यात आली ती माझ्याशी कडाकडा भांडून. सलवार घालून तुझ्या खांद्यावर उभी राहायची, हात पसरून, आणि तू गोल फिरायचास. लोक तोंडात बोटं घालायचे. पण लोकांचं काय? एका बाजाराच्या गावी तुझ्या पोटरीत गोळा आला आणि तुझा पाय पाचव्या दिवशी जमिनीला लागला, तेव्हा तेच लोक दगड घेऊन उठले. "फसवलं, फसवलं" करत कनात फाडली, भोंगा पायाखाली तुडवला. माइकवाल्या गफूरचं डोकं फुटलं. इंदूच्या पाठीवर बसलेल्या दगडाचा वळ मी पाहिला होता. मी म्हटलं, आता बास. तिने मला घराबाहेर काढलं.

आणि मग सिंदी मेघेचा खेळ. खेळाचा सहावा दिवस. संध्याकाळची वेळ, मैदान गच्च भरलेलं. मी मुद्दाम आलो होतो, दोरीला लागून उभा होतो. तू छातीवर ट्यूबलाइट फोडून घेतल्यास, पांढरा धूर उडाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. रक्त पुसायचीसुद्धा सवड घेतली नाहीस. मग इंदू तुझ्या खांद्यावर चढली. गफूर भोंग्यावर ओरडला, "अब देखिए, उलटी सायकल, दो जान एक साथ!" तू सायकल थांबवलीस, मागे जोर दिलास.

खट्ट. तो आवाज मी ओळखला. सगळ्या मैदानात तो एकट्या मला कळला असेल. फ्रीव्हील सुटलं. तुझे पाय रिकामेच मागे गेले, सायकलने हिसका खाल्ला आणि इंदू वरून पुढे तोंडावर आली. तिथे ट्यूबच्या काचा पडलेल्या. तिचे पुढचे दात गेले, जबडा मोडला, ओठ फाटून लोंबत होता. ती मातीत पडून होती, आणि तिने एक हात वर केला.

आणि तू? तू कसाबसा तोल सावरलास, पायडल पुढे मारलंस, फ्रीव्हील परत आवळलं, आणि तू फिरत राहिलास. बायको मधे रक्तात पडलेली आणि तू तिच्याभोवती गोल! मी दोरी ओलांडली. तुला हँडलवरून ओढून खाली पाडलं आणि मारायला लागलो. बुक्क्या, लाथा, हाताला लागलेला पंप. तुझी बरगडी मोडल्याचं मला हातात जाणवलं. तू हात उचलला नाहीस. लोकांना वाटलं हाही खेळच आहे. टाळ्या पडत होत्या, नाणी येऊन माझ्या पाठीवर आपटत होती, आणि गफूर बिचारा काहीच न सुचून भोंग्यावर "वाह, क्या बात है" म्हणत होता. मी मारत होतो आणि एकच ओरडत होतो, "उतरला काऊन नाईस बे? उतरला काऊन नाईस?"

तेव्हापासून हा प्रश्न मी तुझ्या मानगुटीवर बसवला. पोळ्याला, दिवाळीला, माझ्या पोरीच्या बारशाला, जरा बसलो की तेच. आणि तू पिचकारी टाकून दर वेळी तेच सांगायचास, "तुया बहिणीले इचार." मला वाटायचं, निर्लज्ज आहेस. जिचं तोंड तू मोडलंस, तिच्या तोंडून मी हे वदवून घेऊ? तिच्यासमोर त्या संध्याकाळचं नाव मी कधी काढलं नाही. तूही नाही काढलंस.

बरगडी सांधली तसा तू नाचणगावला गेलास. या वेळी मागायला नाही, चोरायला. कोठ्याची भिंत चढलास, सायकल उतरवलीस आणि मागचं चाक काढताना सापडलास. गड्यांनी तुला बैलाच्या खुंट्याला बांधून कासऱ्यांनी झोडपलं. चाक तू सोडलं नाहीस, हातांवर मारलं तरी सोडलं नाहीस. आवाज ऐकून म्हातारा बाहेर आला. एवढा मार कशासाठी खातोस म्हणून त्याने विचारलं. तू म्हणालास, "बायकोसाठी." हे मला त्याच्या गड्याने सांगितलं, तू सांगितलं नाहीस. म्हाताऱ्याने हळदकुंकू लागलेलं ते चाक तुला देऊन टाकलं आणि म्हणाला, "घे बे. पण मरशीन त माह्या दारात मरू नको."

चाक घेऊन माझ्या दारात आलास तेव्हा तुझा एक डोळा बंद होता आणि पाठीला सदरा चिकटला होता. मी दार लावून घेतलं. इंदूने येऊन ते लाथेने उघडलं. जबडा अजून नीट उघडत नव्हता तिचा, तरी दातांच्या फटीतून म्हणाली, "मी पुन्हा चढनार हाव त्याच्या खांद्यावर. तुले पाह्यजे त कडं बसवून दे, नाई त मी तशीच चढतो."

केलं. हबला जुनं कडं होतं ते काढताना तडकलं, म्हणून गिरणीच्या लेथवर जेवणाच्या सुट्टीत नवं कातलं. हाताला जन्माची सवय सुलट्या आट्यांची. उलटे आटे पाडताना लोखंड वाया गेलं, हत्यार मोडलं, बोटं भाजली. शेवटी एक बसलं. ते तुझ्यासाठी केलं नव्हतं, हे मी तुला तेव्हाही सांगितलं. पान्याला लांब नळी लावून आपण दोघं तिच्यावर चढलो आणि शिव्या घालत ते आवळलं. नंतर इंदू पुन्हा वर उभी राहिली, तू मागे मागे गेलास आणि मी दोरीला धरून उभा राहून फक्त ते कडं बघत होतो. कडं हललं नाही. पुढे गावोगाव टीव्ही आला, लोक घरात बसायला लागले आणि तुझा खेळ मेला. कडं मात्र होतं तिथेच राहिलं.

आता इंदूला नाचणगावच्या बालवाडीत काम मिळालंय. पायी जाते. मी म्हटलं, घरात सायकल आहे, पण ती भलती, पाय फिरवत नेणारी. फ्रीव्हील बसवून देतो. म्हणून काल बसलो. पाना लावला, नळी लावली, रॉकेल ओतलं, तापवलं. मीच केलेलं कडं मलाच दाद देईना. माझं डोकं फिरलं. छिन्नी घेतली आणि घाव घालत सुटलो, आणि दर घावाला तुझ्या नावाने ओरडत होतो, तेच जुनं, उतरला काऊन नाईस, उतरला काऊन नाईस.

इंदू दारात येऊन उभी राहिली.

"कोनाले इचारून राह्यला तू?"

"त्यालेच. त्या दिवशी तू तोंडावर पडली अन् हा भडवा सायकलवरून उतरला नाई."

"मीच सांगतलं होतं उतरू नको म्हनून." तुटलेल्या दातांमुळे ती सावकाश बोलते, तुला माहीत आहे. "माही शपथ घातली होती त्याले. मी पडली, मेली तरी पाय टेकवजो नको. त्या गावात दगड पडले ना, मंग पुन्हा दगड खायची माही ताकद नोती. मी खाली पडली, त तो उतराले गेला. मीच हात वर केला. म्हटलं, चाल."

तो हात! मला वाटलं होतं ती मला हाक मारतेय.

"मंग हे तू मले काऊन नाई सांगतलं?"

"मले काय माईत तू हेच इचारून राह्यला होता त्याले इतके वर्स? मले वाटलं तुमचं दोघाइचं नेहमीचंच चालू हाये." मग म्हणाली, "त्यानं नाई सांगतलं?"

त्याने सांगितलं होतं. दर वेळी सांगितलं होतं. तुया बहिणीले इचार.

नाम्या, हरामखोरा, सरळ सांगता येत नव्हतं? बरगडी मोडून घेतलीस, शिव्या खाल्ल्यास, माझ्या आईने मरेपर्यंत तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही ते सोसलंस, आणि माझ्या बहिणीवर शब्द येऊ दिला नाहीस. मी हातोडा घेऊन अंगणात बसलो होतो आणि मला तुझी गचांडी हवी होती. तुला दोन ठेवून द्यायच्या होत्या आणि मग मिठी मारायची होती. आता सांग, मी कुणाला मारू? मी रडलो. इंदूने बादली आणली नाही.

कड्यावर छिन्नीचे वळ उठलेत, तेवढंच. ते मी काढलं नाही. चाक परत बसवून दिलं.

आज सकाळी तिने खेळातली जुनी सलवार काढली आणि तुझी सायकल बाहेर घेतली. शेजारणी दारादारात उभ्या राहिल्या. एक म्हणाली, महिना नाई झाला अन् पाहा. इंदूने तिच्याकडे असं पाहिलं की ती आत गेली. मी माझ्या सायकलवर तिच्या मागे निघालो. उतारावर तिने ब्रेक न लावता नुसत्या पायांनी सायकल आवरली. हे तू तिला कधी शिकवलंस?

रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. सगळे थांबले, सगळ्यांनी एकेक पाय खाली टाकला, मीही टाकला. इंदू सीटवरच राहिली. हँडल किंचित वाकडं, पायडल जरा पुढे, जरा मागे, सायकल जागच्या जागी डुलत होती. लोक वळून बघायला लागले. मी फक्त मागच्या चाकाकडे बघत होतो.

मालगाडी लांब होती रे. तिने पाय टेकवला नाही.